मैनाच्या घराला दोन दारं

मैना चौगुलेच्या घराचा आकडा एकाने जास्त दिसला, तेव्हा मी आधी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

जयसिंगपूरच्या स्मरणी केंद्रात सकाळी पोचले की मी हातपाय धुते, कोपऱ्यात आसन टाकून सामायिकाच्या ध्यानाला बसते आणि मगच संगणकाला हात लावते. त्यानंतरचं पहिलं काम म्हणजे सगळ्या घरांचे आकडे बघणं. हे कोणी नेमून दिलेलं नाही. देवळात आल्यावर दिव्यात तेल किती उरलंय ते आपण बघतोच, तसंच हे. दिवा आपला नसला तरी विझू द्यायचा नाही.

स्मरणी म्हणजे जपाच्या माळेतल्या मण्याएवढं यंत्र. ते कानामागे बसतं. मेंदूच्या तापातून उठलेल्या काही लोकांची नवी आठवण धरून ठेवायची शक्तीच जाते. सकाळी भेटलेला माणूस त्यांना दुपारी अनोळखी वाटतो. त्यांच्यासाठी हा मणी बघतो, ऐकतो आणि सगळं आमच्या केंद्रातल्या साठ्यात नेऊन ठेवतो. समोर कोणी आलं आणि त्यांनी मनात विचारलं, हे कोण, की मणी साठ्यात जाऊन उत्तर आणतो आणि कानात सांगतो. बोलताना आपण श्वास घ्यायला थांबतो ना, तेवढाच वेळ लागतो.

साठ्यात प्रत्येक माणसाचं एक घर असतं, सांभाळणाऱ्या नातेवाइकांचंही; रुग्णाचं घर त्यांच्या घराच्या पोटात नोंदतात. संगणकाच्या भाषेत ते फोल्डर, पण आम्ही घरच म्हणतो. घरात खोल्या: माणसं, आवाज, रस्ते, औषधं. आणि घराची दुसरी प्रत करायला कायद्याने बंदी आहे. एका माणसाचं आयुष्य दोन ठिकाणी ठेवलं की त्यावर हक्क सांगणारेही दोन होतात, हे सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

"जिनदत्त," मी हाक मारली. "मैनाच्या घरात खोल्या सात आहेत. मग आकडा नऊ हवा. दहा का येतोय?"

जिनदत्त उपाध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. हुशार आहे, मनाचा मऊ आहे, आणि कोणाला नाही म्हणता येत नाही हा त्याचा रोग आहे. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, रागवू नका."

"मी कधी रागावले?"

"तुम्ही रागवत नाही, गप्प बसता. त्याचीच भीती वाटते."

आता हा आकडा काय असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

साठ्याला नावं कळत नाहीत, त्याला नंबर कळतो. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं, त्याला आयनोड म्हणतात. वस्तू केवढी, कोणाची, चकतीवर नेमकी कुठे ठेवलीय, हे सगळं कार्डावर असतं. नाव मात्र नसतं. नाव असतं फोल्डरमध्ये: एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला नंबर, बस्स. त्यामुळे एकाच फोटोला आईच्या घरात एक नाव आणि मावशीच्या घरात दुसरं असू शकतं. यातला खरा फोटो कोणता, नक्कल कोणती, हा प्रश्नच येत नाही. दोन्ही नावं एकाच नंबराकडे नेतात. अशा नावाला हार्ड लिंक म्हणतात. आपल्याकडे येणारी नावं किती, एवढं कार्ड मोजत राहतं. एक नाव पुसलं की आकडा एकाने उतरतो. शून्यावर आला की साठा ती जागा मोकळी करतो.

फोल्डरलाही असंच कार्ड असतं. पण नवं फोल्डर तयार होतानाच त्यात दोन नावं आपोआप उगवतात. एक टिंब म्हणजे स्वतः. दोन टिंबं म्हणजे वरचं घर, आपण ज्याच्या पोटात आहोत ते. म्हणून रिकाम्या फोल्डरचाही आकडा दोन असतो: वरच्या घराने दिलेलं नाव आणि स्वतःचं टिंब. आत एक खोली वाढली की त्या खोलीची दोन टिंबं वर बोट दाखवतात, आणि आकडा एकाने चढतो. सात खोल्या, म्हणजे नऊ.

दहावं बोट कोणाचं?

"राजमतीआक्कांचं," जिनदत्त म्हणाला. "गेल्या वर्षी क्षमावाणीला दोघी जावा इथं आल्या होत्या, तुम्ही यात्रेला गेला होता. एकमेकींची क्षमा मागत, हात धरून रडत होत्या हो. म्हणाल्या, मैना दोघींच्या घरात दिसू दे. प्रत करायला कायदा आडवा येतो. मग मी प्रत नाही केली. त्याच घराला दुसरं नाव दिलं, आक्कांच्या घरातून."

"फोल्डरला हार्ड लिंक? साठा देतो करू?"

"देत नाही. पहारा असतो त्याच्यावर. मी तेवढ्यापुरता तो उठवला."

मी गप्प बसले. त्याने मान खाली घातली.

पहारा उगीच नसतो. फोटोला दोन नावं चालतात, कारण फोटोला वरचं घर नसतं. फोल्डरला असतं, आणि दोन टिंबांना एकच उत्तर ठाऊक असतं. मैनाचं घर पहिल्यांदा नोंदलं गेलं ते सुनंदाच्या घरात. तिला ताप आला तेव्हा ती कुरुंदवाडला सुनंदाकडे राहायला गेली होती, आणि जन्मदाखल्यावरही सुनंदाचंच नाव होतं. पण तीन महिन्यांची असताना सुनंदाने ती मोठ्या जावेच्या, राजमतीच्या पदरात घातली होती. राजमतीला मूल नव्हतं. पुढची सोळा वर्षं मैनाने आई म्हणून हाक मारली ती राजमतीलाच. सुनंदाला ती काकू म्हणायची. तापाने ही ओळखही पुसट केली, आणि मण्याला तर ती कधी ठाऊकच नव्हती.

म्हणजे गेलं वर्षभर मैना राजमतीच्या दारातून घरात जात होती, आणि आत गेल्यावर वर कोण, म्हणजे आई कोण, म्हणून विचारलं की सुनंदाच्या अंगणात निघत होती.

"आज दोघींना सांगून एक नाव काढू," मी म्हटलं. "फक्त नाव. आत पाऊल टाकायचं नाही. तोवर कशाला हात लावू नकोस."

दुपार उतरल्यावर मी सातव्या गल्लीत राजमतीआक्कांकडे गेले. दार उघडंच होतं. सोप्यात पितळी भांडी, पातळं, दोन पंखे, शिवणयंत्र, सगळं मांडून ठेवलं होतं. गल्लीतल्या दोघीतिघी एकेक वस्तू उचलून जय जिनेंद्र म्हणत बाहेर पडत होत्या.

"ये गं त्रिशला. बस. खुर्ची मात्र गेली, चटईवर बस."

"हे काय आक्का?"

"परिग्रह परिमाण घेतलंय. महाराजांच्या पुढं हात जोडून बोलले. चार पातळं, एक ताट, एक तांब्या, एक अंथरूण. बाकीचं सगळं वाटायचं." त्या हसल्या. "घागर तेवढी हातातनं सुटत नव्हती. माहेरची आहे. मग म्हटलं, सुटत नाही तीच आधी द्यावी."

मला बरं वाटलं. व्रत घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक हलकेपण येतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण डोळे सुजलेले होते.

"मैना कुठाय?"

"सुनंदाकडं. महिना झाला, तिकडंच असते." त्यांनी एका वाटीवरची धूळ पदराने पुसली. "तुला सांगू? इथं, माझ्या सैपाकघरात बसून, माझ्या हातची भाकरी खात खात त्या मण्याला विचारायची, माझी आई कोण? आणि मणी सांगायचा, सुनंदा. मग ती माझ्याकडं बघून हसायची. पाहुण्याकडं बघून हसतात तशी. काकू, भाकरी छान झालीय."

"आक्का, त्याचंच सांगायला आलेय. तो मण्याचा—"

"काही सांगू नकोस. मी सोडलं ते. सगळं वाटायचं तर ते तरी दुहेरी कशाला ठेवू? खरी मैना सुनंदाकडं आहेच की. माझ्या घरातली नक्कल काढून टाक म्हणून केंद्राच्या यंत्राला सांगितलं मघाशी. नक्की का म्हणून दोनदा विचारलं त्यानं. मी दोनदा हो म्हटलं."

चटईवरून मी कशी उठले ते मला कळलं नाही.

"किती वेळ झाला?"

"सामान मांडायला लागायच्या आधी. का गं?"

"आक्का, ती नक्कल नव्हती."

पुसणारं यंत्र वरचं नाव एकदम पुसत नाही. रिकामं नसलेलं घर त्याला पाडता येत नाही. म्हणून ते आधी आत शिरतं, खोलीत जातं, खोलीतली वस्तू न् वस्तू काढतं, मग खोली, मग पुढची खोली. आपण कोणत्या दारातून आलो हे त्याला फक्त परत जाण्यापुरतं माहीत असतं. दुसऱ्या दाराशी सुनंदा उभी आहे, हे त्याला कोण सांगणार?

मी जिनदत्तला फोन लावला. "मैनाच्या घरात पुसणं चालू आहे. थांबव. आत्ता."

कळफलकावर बोटं आपटल्याचा आवाज आला. "थांबवलं, ताई. माणसं गेली. आवाज गेले. रस्ते आणि औषधं राहिलीत, बाकीच्या खोल्यांना हात लागला नव्हता."

राजमतीआक्का माझं तोंड बघत होत्या. त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. हातातली वाटी त्यांनी जमिनीवर ठेवली, इतक्या सावकाश की आवाजही झाला नाही.

"मी मारली का गं तिला?"

"नाही. ती आहे. ओळखी गेल्या. चला."

रिक्षात बसता बसता मी सुनंदाला फोन केला. ती आधीच रडत होती.

"त्रिशलाताई, ती मला तुम्ही कोण म्हणायलीय! सकाळी आई म्हणाली होती. त्या मण्यात काहीतरी बिघडलंय, मी काढते तो—"

"सुनंदा, मण्याला हात लावू नकोस. ती आत्ता काय करतेय?"

"कट्ट्यावर बसलीय डोळे मिटून. कानात काहीतरी ऐकायलीय."

"तेच ऐकू दे. तिला उठवू नको, बोलवू नको, अंघोळीला नेऊ नको. मी येईपर्यंत ती जे ऐकतेय ते बंद होता कामा नये."

आकड्याबद्दल मघाशी मी एक गोष्ट अर्धीच सांगितली. नावं शून्यावर आली की साठा जागा मोकळी करतो, हे खरं. पण तेव्हा कोणी ती वस्तू उघडून धरलेली असेल, तर साठा थांबतो. नाव उरलेलं नसतं, कुठल्याही फोल्डरमध्ये शोधून ती सापडत नाही, तरी धरणारा हात सुटेपर्यंत ती जागची हलत नाही. हात सुटला की मात्र गेली, कायमची. मैनाच्या आवाजांच्या खोलीतली एकच वस्तू त्या क्षणी तिच्या कानात उघडी होती. ती कोणती हे आम्हाला माहीत नव्हतं.

रिक्षा कुरुंदवाडच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस होता. राजमतीआक्का हात जोडून बसल्या होत्या, ओठ हलत होते. मध्येच म्हणाल्या, "मी व्रत म्हणून नाही केलं ते, त्रिशला. व्रताच्या नावाखाली राग काढला. ती मला काकू म्हणाली त्याचा."

"आत्ता तो हिशेब नको, आक्का. आत्ता जप करा."

"तोच करतेय. पण जपात पण तीच येतेय."

सुनंदाच्या घरामागून नदी दिसते. मैना कट्ट्यावर भिंतीला टेकून बसली होती. एकोणीस वर्षांची, किडकिडीत, केस मोकळे. ओठांवर बारीकसं हसू. शेजारी सुनंदा पदर तोंडात कोंबून उभी होती. मी मांडीवर यंत्र उघडलं, मण्याशी जोडलं आणि जिनदत्तला नंबर वाचून दाखवला.

"सापडला," तो म्हणाला. "नावं शून्य, धरणारा एक. मण्याच्या मुठीतूनच उचलतो. पुढची पाच मिनिटं तिने ऐकणं बंद करू नये."

मैनाने डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं. सगळे चेहरे नवे. ऐकणं थांबवायला बोट कानामागे गेलं.

आणि मागून राजमतीआक्का एकदम, रोजच्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "हलू नकोस गं. हललीस की भांग वाकडा होतो."

मैनाचं बोट जागीच थांबलं. तिने मान वळवली.

"हाच आवाज," ती म्हणाली. "मी रोज ऐकते. कोण आहे माहीत नाही. पण माझी वेणी घालते, आणि तेल डोळ्यात जातं म्हटलं की म्हणते, जाऊ दे, डोळे स्वच्छ होतात." ती हसली. "खोटंच सांगते. चुरचुरतात."

राजमतीआक्का पुढे झाल्या. पण त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. कट्ट्यावर तिच्या मागे जाऊन बसल्या, केस हातात घेतले आणि तीन पेड केले. मैना न हलता बसली. कानात वेणीचा जुना आवाज चालू होता आणि पाठीमागे नवा.

"धरलं," फोनमधून जिनदत्त ओरडला. "ताई, नाव दिलं! आकडा एक!"

मला देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. सूर्य नदीपलीकडे बुडाला होता. माझा डबा पिशवीत तसाच राहिला होता आणि सूर्यास्तानंतर काही न घेण्याच्या नेमामुळे आता सकाळपर्यंत पाणीही नाही. तरी पोट भरल्यासारखं वाटत होतं.

सुनंदा सगळा वेळ उभीच होती. वेणी पुरी झाल्यावर ती म्हणाली, "आक्का, ती मला आई म्हणायला लागली तेव्हा मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गोड वाटलं."

"वाटणारच," राजमतीआक्का म्हणाल्या. "तू जन्म दिलास. तुला नाही वाटणार तर कोणाला? रिबीन दे."

पुढचा आठवडा ओळखींचा गेला. माणसं हयात होती, त्यामुळे माणसांची खोली पुन्हा भरता आली. एकेकजण येऊन मैनासमोर बसायचा आणि सांगायचा, मी अमुक, तुझा तमुक. आवाजांच्या खोलीत तेवढी एकच वस्तू उरली. बाकीचे तीन वर्षांचे आवाज गेले ते गेले. त्याचं मी गोड करून सांगणार नाही.

मग दोघी तिला घेऊन केंद्रात आल्या. घर कोणाखाली ठेवायचं ते ठरवायचं होतं. वाटेत दोघींचं भांडणही झालेलं दिसत होतं, पण उलटं. सुनंदा म्हणत होती आक्कांकडे ठेवा, आक्का म्हणत होत्या सुनंदाकडे.

"गेल्या वर्षी हिला विचारता आलं नाही, कारण ही सज्ञान नव्हती आणि तुमचं नीट काही ठरत नव्हतं," जिनदत्त म्हणाला.

"गेल्या वर्षी ही अठरा पूर्ण होती," मी म्हटलं. "तू विचारलं नाहीस."

त्याने कान पकडले. मैनाला ते फार आवडलं.

"तुमच्या त्या घरात," ती मला म्हणाली, "वर वर जात राहिलं तर शेवटी कोण येतं?"

"मूळ घर. त्याच्यावर काही नाही. त्याची दोन टिंबंसुद्धा त्याच्याचकडे बोट दाखवतात. वर कोण म्हणून विचारलं तर ते म्हणतं, मीच."

"मग मला त्याच्याच खाली घर द्या. माझं. वर कोण विचारलं तर दोघींपैकी एकीचं नाव नको."

दोघी जावांनी एकदमच खाली बघितलं.

"आणि आत," मैना म्हणाली, "दोघी पाहिजेत."

त्यालाही वाट आहे. तिला पाटी म्हणायची, संगणकवाले सिम्बॉलिक लिंक म्हणतात. पाटीवर फक्त पत्ता असतो: अमुक राहते तिकडे. तिची मोजणी कार्डावर होत नाही. पुसणारं यंत्र पाटीपाशी आलं तर पाटी पुसतं, पत्त्यावरच्या घरात शिरत नाही. फक्त एक अट असते. पत्ता दुसऱ्या घराचा असेल, तर ज्याचं घर त्याने स्वतः दार उघडं ठेवायला हवं. मैनाने आपलं उघडलं. दोघींनी आपापलं.

"नावं सांग," जिनदत्त म्हणाला. "पहिली पाटी?"

"आई."

"दुसरी?"

"आई."

"एका घरात एकाच नावाच्या दोन नाही चालत."

मैनाने थोडा विचार केला. "वेणीची आई," ती म्हणाली, "आणि नदीची आई."

जिनदत्तने टाइप केलं आणि घराची जुनी दोन्ही नावं, फक्त नावं, काढली. मग दोघींच्या घरातही मैना नावाची एकेक पाटी लावली. मी आकडा बघितला. खोल्या सात, आकडा नऊ. पहाराही जागेवर होता.

निघताना राजमतीआक्का दाराशी थांबल्या. काहीतरी मनात घोळत होतं.

"त्रिशला, म्हणजे माझ्या घरात नेमकं काय राहिलं म्हणायचं?"

"एक पाटी. मैना तिकडे राहते, एवढंच."

त्यांनी बोटांवर मोजलं. पातळं, ताट, तांब्या, अंथरूण. मग हाताची मूठ मिटून घेतली.

"बसतं," त्या म्हणाल्या. "एवढं व्रतात बसतं." आणि पायऱ्या उतरत असलेल्या मैनाला हाक मारली, "ए, थांब की गं! रिबीन सुटलीय तुझी."